आईच्या दोन्ही पायांना सूज आहे, लघवीची गोळी द्यावी का?

कराडची_लेक | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार. आईबद्दल विचारायचंय, जरा मोठं लिहितीये, सांभाळून घ्या.

आई ६४ वर्षांची, कराडला एकटी असते, मी पुण्यात. गेली १८ वर्षं ती डबे करून देते, म्हणजे पहाटे साडेचारला ओट्यापाशी उभी राहिली की साडेदहा-अकरापर्यंत खाली बसत नाही, रोजच्या भाकऱ्याच पन्नास-साठ होतात. दिवाळीनंतर तिचे पाय सुजायला लागले. आधी फक्त संध्याकाळी घोट्यापाशी फुगायचं आणि सकाळी उतरायचं म्हणून तिने कोणाला सांगितलंच नाही. आज मी आले तर बघते, पायाच्या बोटांत जोडवी पार रुतलेली, बोट निळसर पडलेलं, साबण लावला तेल लावलं दोरा गुंडाळून बघितला, निघेनातच. शेवटी सोनाराकडे नेलं आणि कापून काढली. लग्नातली जोडवी ती. कापताना आई एक शब्द बोलली नाही पण माझ्याच्याने बघवत नव्हतं.

बीपी आहे दहा वर्षांपासून, गोळी चालू आहे. शुगर नाही. गुडघे दुखतात. शेजारच्या काकूंनी सांगितलं की अंगात पाणी झालंय, पाणी कमी पी, तर ही आता दिवसाला तीन-चार ग्लासच पाणी पिते. आणि मावशीने स्वतःची लघवीची गोळी, अर्धी पत्ती, पाठवून दिलीये, म्हणे सकाळी एक घे, दोन दिवसात पाय मोकळे होतील. मावशीला त्याने खरंच बरं वाटलेलं आहे. आई घ्यायला तयार आहे कारण उद्या परत डबे आहेत. मी अजून दिली नाहीये. द्यावी का? आणि घरच्या घरी सूज उतरायला काय करता येईल?

मधुमालती | रविवार, रात्री १०:०५

ताई, आमच्याकडे आजी घेटुळीची भाजी करायची पाय सुजले की, पुनर्नवा म्हणतात ती. आणि रात्री कोमट पाण्यात मूठभर खडेमीठ टाकून पाय बुडवून बसायचं वीस मिनिटं. खूप आराम पडतो, करून बघा.

पंढरीनाथ७१ | रविवार, रात्री १०:२०

पाय बुडवण्याबद्दल एक सांगतो, शुगरवाल्या माणसाने हे करू नये. माझ्या वडिलांना पंचवीस वर्षांची शुगर, तळपायाला संवेदना राहिली नव्हती. सून बिचारी काळजीने गरम पाणी ठेवून गेली, त्यांना ते कोमटच वाटत होतं. बाहेर काढले तेव्हा तळव्याची कातडी सुटलेली. चार महिने ड्रेसिंग आणि शेवटी एक बोट गेलं. पाणी दुसऱ्या कोणीतरी कोपराने बघितल्याशिवाय पाय घालायचा नाही. तुमच्या आईंना शुगर नाही म्हणता, पण शेवटची तपासणी कधी केली होती तेही बघा.

सिस्टर_माई | रविवार, रात्री १०:५५

बाळ, पहिलं काम कर, ती पत्ती आईच्या हाताला लागणार नाही अशी ठेव. मी ३४ वर्षं सरकारी रुग्णालयात नोकरी केली, त्यातली बरीचशी मेडिकल वॉर्डला, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, पण सुजलेले पाय इतके बघितलेत की सांगायला हरकत नाही.

मावशीची सूज आणि आईची सूज एकच असेल असं नाही. हृदयाचा पंप कमी पडला तरी पाय सुजतात, किडनीतून प्रोटीन लघवीत जायला लागलं तरी सुजतात, लिव्हर, थायरॉइड, रक्त खूप कमी असणं, पायाच्या शिरांच्या झडपा सैल होणं, एखाद्या चालू गोळीचा परिणाम, सगळ्यात दिसायला पाऊल सारखंच दिसतं. लघवीची गोळी ही कोणाला जीव वाचवणारी असते आणि कोणाला आडवं पाडणारी. तिने पाण्याबरोबर पोटॅशियम पण निघून जातं, मी स्वतः बघितलंय, दुसऱ्याची गोळी आठ-दहा दिवस खाऊन आलेल्या बाया, हातापायातलं त्राण गेलेलं, पायात गोळे, ठोके वेडेवाकडे. त्यात तुझी आई पाणीही कमी पितेय. हे दोन्ही एकत्र झालं तर सकाळी ओट्यापाशी चक्कर येऊन पडेल, समोर तवा तापलेला.

आता मला हे सांग. सूज दोन्ही पायांना सारखी आहे का एका पायाला जास्त? नडगीच्या हाडावर, घोट्याच्या चार बोटं वर, अंगठ्याने दहा अंक मोजेपर्यंत दाबून धर आणि सोड, खड्डा राहतो का? सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली, चेहऱ्यावर सूज असते का? लघवीला फेस येतो का, येतो तर राहतो का लगेच विरतो? रात्री आडवं झाल्यावर दम लागतो का, उशा वाढवाव्या लागतात का? जिना चढताना पूर्वीपेक्षा थांबावं लागतं का? पोट फुगलंय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोटात जाणारी प्रत्येक गोळी, चूर्ण, काढा, मेडिकलमधून परस्पर आणलेलं काहीही, सगळं नावासकट आणि मात्रेसकट लिही. किती दिवसांपासून तेही.

पाणी तहानेप्रमाणे पिऊ दे. हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी मोजून सांगितलं असेल तरच पाणी तोडायचं असतं. अंगात पाणी धरून ठेवतं ते मीठ. ताटातलं लोणचं, पापड, खर्डा, ठेचा, फरसाण हे आजपासून बंद कर आणि भाकरीच्या पिठात मीठ घालत असाल तर तेही. दिवसभराचं सगळं मिळून एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅम, याच्या वर मीठ जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एका पापडात आणि लोणच्याच्या दोन फोडीत त्यातलं बरंच संपतं.

कराडची_लेक | रविवार, रात्री ११:३५

माई, आत्ता आईजवळ बसून एकेक विचारून लिहितीये.

दोन्ही पाय सारखेच. दाबलं तर खड्डा पडतो, माझ्या अंगठ्याचा ठसा अगदी कणकेच्या गोळ्यावर उमटावा तसा राहिला, भरून यायला अर्धा मिनिट तरी लागलं. मला ते बघून कसंतरीच झालं. चेहऱ्यावर नाही. लघवीला फेस नाही म्हणते. दम नाही, एका उशीवर झोपते. पोट नेहमीसारखं.

गोळ्या: बीपीची अम्लोडिपिन. आधी ५ ची होती, ऑक्टोबरमध्ये बीपी १६० च्या पुढे आलं म्हणून डॉक्टरांनी १० ची केली. कॅल्शियमची एक. आणि हे मला आजच कळलं, गुडघ्यासाठी ती डायक्लोफिनॅकची गोळी घेते, मेडिकलवाल्याकडून आणून, रोज एक आणि काम जास्त असेल तर दोन. गणपतीपासून. डॉक्टरांना सांगितलं का विचारलं तर म्हणाली, ते बीपीचे डॉक्टर, त्यांना गुडघ्याचं काय सांगायचं.

सिस्टर_माई | सोमवार, सकाळी ६:१५

हे वाचून मला रात्रीच लिहावंसं वाटत होतं पण डोळे मिटत होते.

तुझ्या आईने जे सांगितलं त्यातच बरंचसं आलं. तारखा लावून बघ. गणपतीत दुखण्याची गोळी सुरू. त्या जातीच्या गोळ्या अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतात आणि बीपी वाढवतात. ऑक्टोबरात बीपी वाढलेलं सापडलं. डॉक्टरांना दुखण्याची गोळी माहीत नाही, त्यांनी बीपीची गोळी दुप्पट केली, त्यांच्या जागी बरोबरच केलं. आणि अम्लोडिपिनने पाय सुजणं हे नेहमीचं आहे, ५ ला कमी, १० ला जास्त, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त. त्यावर पाय सुजले म्हणून मावशीची तिसरी गोळी येऊ घातलीये. एका गोळीमुळे दुसरी, दुसरीमुळे तिसरी, असं होऊन बसलं असावं असं मला वाटतं. वाटतं म्हणतेय, कारण तपासल्याशिवाय कोणी खात्रीने सांगू नये.

अम्लोडिपिनची सूज कशी येते तेही समजून घे म्हणजे लघवीची गोळी का नको ते कळेल. ही गोळी रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या सैल करते, म्हणून बीपी उतरतं. पण परत आणणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. मग आत यायचा नळ मोठा आणि बाहेर जायचा तेवढाच, मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून मांसात उतरतं, आणि आपण उभे असतो त्यामुळे ते घोट्यातच साठतं. अंगात एकूण पाणी जास्त झालेलंच नसतं. त्यामुळे लघवीची गोळी दिली तरी ही सूज नीट उतरत नाही, नुसता माणूस सुकतो.

पण अम्लोडिपिन स्वतःहून बंद करू नकोस!! आधीच १६० गेलेलं बीपी आहे, एकदम सोडलं तर भलतंच व्हायचं. आज सुट्टी टाक, डबे एक दिवस बंद ठेवा, आणि सगळ्या पत्त्या एका पिशवीत घालून आईला त्याच डॉक्टरांकडे घेऊन जा. पिशवी टेबलावर रिकामी कर. तोंडी सांगू नकोस, आई अर्धं विसरते असं समज. डायक्लोफिनॅक मात्र आजपासून नको, तोपर्यंत दुखलं तर पॅरासिटॅमॉल चालते का ते डॉक्टरांना विचार. लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनी नीट चाललीये का ते दाखवणारी रक्ताची तपासणी), हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), शुगर, थायरॉइड आणि एक ईसीजी, एवढं करायला सांगतील बहुतेक. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लागला तर तेही करा, मागे हटू नका. डायक्लोफिनॅक तीन-चार महिने रोज चाललीये म्हणून किडनी बघणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

जाईपर्यंत पाय वर ठेवायला लाव. नुसती टाचेखाली उशी नको, ती टोचते आणि गुडघा ताणतो. आडवं होऊन पोटरीपासून पावलापर्यंत दोन-तीन उशा किंवा गुंडाळलेली गोधडी, पाऊल छातीच्या वर गेलं पाहिजे. वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. खुर्चीत बसून समोर स्टुलावर पाय ठेवले तर पाय दुखायचे थांबतात पण सूज फारशी उतरत नाही.

मागावरचा_माणूस | सोमवार, दुपारी १:५०

ताई, मी इचलकरंजीचा, यंत्रमागावर २२ वर्षं काढली. बारा तासाची पाळी, मागाच्या मधनं येरझाऱ्या घालायच्या आणि उभं राहायचं. तुमच्या आईंचं वाचून लिहावंसं वाटलं कारण उभ्याच्या कामाचं मला माहीत आहे.

माझ्या डाव्या पायाच्या शिरा आधी नुसत्या दिसायच्या, गांडुळासारख्या. मग संध्याकाळी पाय जड, मग घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी तांबूस काळी पडली, खाज. मी लक्ष दिलं नाही. एकदा खाजवून नख लागलं आणि तिथे जखम झाली ती सात महिने भरली नाही. सात महिने. मलमं, पावडरी, हळद, सगळं झालं. शेवटी कोल्हापूरला डॉप्लर, म्हणजे पायाच्या शिरांची सोनोग्राफी, काढला तेव्हा डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. शिरांमध्ये झडपा असतात, रक्त वर चढलं की खाली येऊ देत नाहीत. आणि वर ढकलायचं काम पोटरी करते, चालताना ती आवळते तेव्हा रक्त वर जातं. एका जागी उभं राहिलं की पोटरी गप्प, सगळा भार झडपांवर, त्या वर्षानुवर्षांनी सैल होतात. जखम मलमाने भरणारच नव्हती कारण खाली रक्त तुंबलेलं होतं. पट्ट्या घट्ट बांधायला लागले आणि लेझरने ती शीर बंद केली, दोन महिन्यात जखम भरली.

स्टॉकिंग्जबद्दल सांगतो कारण लोक घेतात आणि कपाटात टाकतात. सकाळी पलंगावरनं पाय खाली टाकायच्या आधी घालायचे. एकदा उभं राहिलं आणि पाय भरला की मग ते चढतच नाहीत आणि चढले तरी टोचतात. आतनं उलटा करून टाचेपर्यंत ओढायचा, टाच टाचेच्या जागी बसली पाहिजे, मग सुरकुती न पडता वर सोडत आणायचा. हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, पकड चांगली बसते, हे मला बायकोने शिकवलं. झोपताना काढायचे. वरची कडा दुमडायची नाही, दुमडली की तिथेच दोरी बांधल्यासारखं होतं. माप घोट्याचं, पोटरीचं सकाळीच घ्यायचं. चार-सहा महिन्यात ढिले होतात, बदलायला लागतात.

आणि दुकानातनं असेच घेऊ नका. मी विड्या ओढायचो म्हणून डॉक्टरांनी आधी हाताचं आणि घोट्याचं दोन्हीकडचं बीपी घेऊन तुलना केली. पायाला रक्त पोचवणारी नळीच चिंचोळी असेल तर घट्ट मोज्याने उलट पाय जातो. शुगरवाल्यांनी आणि तंबाखूवाल्यांनी हे आधी बघूनच घ्यावं.

कामात असताना दर वीस-पंचवीस मिनिटांनी टाचा वर करा, खाली करा, वीस वेळा. ओट्याला धरून होतंय. एक पाय पाटावर, मग दुसरा, असं आलटून पालटून. आईंना सांगा, मागावर मी आजही करतो.

वर्धेकर | सोमवार, संध्याकाळी ७:१०

आमच्या विदर्भात पाय सुजला म्हटलं की पहिलं नाव हत्तीपायाचंच येते, म्हणून लिहून राहिलो. ताईच्या आईचं ते दिसत नाही, पण हा धागा बाकीचेही वाचतील.

माझ्या मायचा उजवा पाय वीस-बावीस वर्षांपासून सुजलेला आहे. सुरुवातीला वर्षातून दोनदा थंडी वाजून ताप यायचा, जांघेत गाठ, पाय लालभडक, तीन-चार दिवसांनी उतरायचं. आम्ही मलेरिया समजत होतो. दर वेळी सूज थोडी जास्त राहून जायची. मग दाबून खड्डा पडणं बंद झालं, कातडी जाड, घड्या पडलेली. बारीक जंत लसिकावाहिन्यांत राहतात आणि तिथलं पाणी वाहून न्यायचं काम बिघडवतात. गटारात, घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास तो पसरवतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, आमचा वर्धा, सगळीकडे आहे. जंत रात्रीच रक्तात फिरतात म्हणून रक्ताचा नमुना रात्री घेतात, आशाताई रात्री दहाला दारावर आली तर तिला परत पाठवू नका.

सरकारच्या हत्तीपायाच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल या जंतांवरच्या गोळ्या देतात, बऱ्याच जिल्ह्यांत आता आयव्हरमेक्टिन पण. लोक गोळ्या हातात घेतात आणि नंतर खातो म्हणून फडताळात ठेवतात. मी हात जोडून सांगतो, समोर उभं राहून खा. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं लेकरू आणि फार आजारी माणूस सोडून सगळ्यांनी. पाय चांगला असतानाच खायची गोळी आहे ती, एकदा पाय असा झाला की गोळीने मागे येत नाही.

झालेल्या पायाचं काय करायचं तर धुणं. रोज संध्याकाळी मी मायचा पाय धुतो. साधं पाणी, साधा साबण, घासायचं नाही. प्रत्येक घडी उघडून आणि बोटांच्या बेचक्यात कापड घालून. जुन्या सुती लुगड्याच्या मी चिंध्या करून ठेवल्या आहेत, बोट-बोट कोरडं करतो, कारण ओल राहिली की चिखल्या होतात, चिखल्यातून जंतू शिरतात आणि परत ताप येतो. चिखल्या दिसल्या की डॉक्टरने दिलेलं मलम. कोरड्या कातडीला खोबरेल. खाटेच्या पायथ्याच्या दोन पायांखाली विटा ठेवल्या आहेत म्हणजे रात्रभर पाय वर राहतो. हे नियमानं करायला लागल्यापासून तीन वर्षांत ताप एकदाच आला. ताप आला, पाय लाल झाला, की चोळायचं नाही, शेकायचं नाही, ओल्या फडक्याने गार करायचं आणि त्याच दिवशी दवाखाना.

सान_होजे_वासी | मंगळवार, पहाटे ४:३०

माई आणि सगळ्यांनी छान लिहिलंय, फक्त एका पायाच्या सुजेबद्दल मला माझं सांगायचंय, कारण मी थोडक्यात वाचलोय.

मागच्या वर्षी मुंबईहून परत आलो, दोन विमानं मिळून बावीस तास. खिडकीची सीट, शेजारी दोघं झोपलेले, त्यांना उठवायला नको म्हणून मी एकदाच उठलो. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखायला लागली, गोळा आल्यासारखी. डावा पाय उजव्यापेक्षा जाड आणि हाताला गरम लागत होता. मला वाटलं आखडलंय. बायकोने तेल लावून चोळून दिलं, दोन रात्री. पाचव्या दिवशी जिना चढताना अर्ध्यातच बसलो, श्वास पुरेना, उजवीकडे छातीत कळ. इमर्जन्सीत स्कॅन झाला, पोटरीतल्या रक्ताच्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला होता. सहा महिने रक्त पातळ करायच्या गोळ्या. बायकोला अजून वाटतं तिच्या चोळण्याने झालं, मी तिला सांगतो की नाही, पण एकच पाय अचानक सुजला असेल तर कोणीही चोळू नका, एवढं मात्र नक्की.

विमान, लांबची ट्रॅव्हल्स बस, प्लास्टर, ऑपरेशन, बाळंतपण, यातलं काही नुकतंच झालेलं असेल आणि एकच पाय सुजून दुखत असेल तर वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉप्लर. आणि दम लागला तर रुग्णवाहिका.

नाशिकची_पूर्वा | मंगळवार, रात्री ८:४५

माई तुम्ही आहात का? माझाही एक प्रश्न आहे. मला ३३ वा आठवडा चालू आहे, पाय सातव्या महिन्यापासून सुजतात, सासूबाई म्हणतात होतंच, त्यांचेही सुजायचे. पण दोन दिवसांपासून हाताची बोटं पण जाड झालीत, अंगठी निघत नाहीये, आणि डोकं दुखतंय, क्रोसिन घेऊनही थांबत नाही. मधेच डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतं. पुढची तपासणी शुक्रवारी आहे. शुक्रवारपर्यंत थांबू ना?

सिस्टर_माई | मंगळवार, रात्री ८:५२

नाही. आत्ता निघ. जेवायला पण थांबू नकोस. गरोदरपणात पाय सुजणं सासूबाई म्हणतात तसं होतंच, पण हात सुजणं, डोकं न थांबणं आणि डोळ्यांपुढे चमकणं हे तिन्ही एकत्र म्हणजे बीपी वाढलेलं असू शकतं आणि त्यात झटके येऊ शकतात. जिथे नाव नोंदवलंय तिथे फोन करून निघ, गाडी नसेल तर १०८. बीपी आणि लघवीतलं प्रोटीन लगेच बघायला सांग. तुझी फाईल घे. पोहोचलीस की इथे एक अक्षर लिही, मी जागी आहे.

नाशिकची_पूर्वा | मंगळवार, रात्री ११:१०

पोहोचले. बीपी १५८/१०२. लघवीत प्रोटीन आहे. दाखल करून घेतलंय, इंजेक्शन सुरू केलं. बाळाचे ठोके चांगले आहेत. सासूबाई इथेच बसल्यात, रडतायत.

कराडची_लेक | तीन आठवड्यांनी, रविवार

आधी पूर्वा, काळजी वाटत होती, नंतर काही लिहिलं नाहीस. वाचत असशील तर सांग.

आईचं सांगते. सोमवारीच नेलं. पिशवी टेबलावर ओतली तशी डॉक्टरांनी सगळ्यात आधी डायक्लोफिनॅकची पत्ती उचलली आणि आईकडे बघत राहिले. रागावले नाहीत, पण म्हणाले की आजी, हे मला ऑक्टोबरात कळलं असतं तर मी गोळी वाढवलीच नसती कदाचित. लघवी स्वच्छ, ईसीजी ठीक, थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन १०.४ म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्यात. क्रिएटिनिन १.३ आलं, किंचित जास्त, म्हणाले दुखण्याची गोळी बंद करून बघू. दुखण्याची गोळी कायमची बंद. दोन आठवड्यांनी परत तपासलं तर क्रिएटिनिन १.० आणि बीपी १३६/८२, तेव्हा अम्लोडिपिन परत ५ वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ४० ही बीपीचीच दुसरी गोळी दिली, त्या गोळीने अम्लोडिपिनची सूजही कमी राहते म्हणाले. ती सुरू केल्यावर पोटॅशियम आणि किडनी परत बघायला बोलावलंय. मधुमालती ताई, घेटुळीचं मी विचारलं, ते म्हणाले त्यात पोटॅशियम जास्त असतं आणि या गोळीनेही ते वाढू शकतं, तर सध्या नको.

घोट्याचा घेर मी शिवणाच्या टेपने मोजून ठेवला होता, रोज संध्याकाळी सहाला, एकाच जागी पेनाची खूण करून. पहिल्या दिवशी २७.५ सेंटीमीटर, काल २४.

गुडघ्यासाठी फिजिओथेरपीच्या ताईंनी मांडीचे व्यायाम दिलेत, पाय सरळ ठेवून उचलायचा वगैरे, आई कंटाळते पण करते. भाकऱ्या आता उंच स्टुलावर बसून थापते, सुतार काकांनी ओट्याच्या मापाचं करून दिलं, खाली पाय टेकायला फळी ठोकून. पाय लोंबकळत राहिले तर परत सुजतील म्हणून. मागावरच्या दादांचे टाचांचे व्यायाम भाकरी तव्यावर असताना करते, एक भाकरी भाजेपर्यंत वीस होतात म्हणते. पापड बंद केल्याचं तिला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, खर्डा लसूण-मिरचीचा बिनमिठाचा करून खाते, मी खाऊन बघितला, खरं सांगते चांगला लागतो.

कापलेली जोडवी तिने डबीत ठेवलीत. त्याच चांदीची परत करून घ्यायचीत. सोनार म्हणाला कधीही या मापाला, मी तिला संध्याकाळीच घेऊन जाणार आहे, दिवसभराचं काम झाल्यावर.

मावशीला पण घेऊन जाणार आहे डॉक्टरांकडे. ती गोळी तिला चार वर्षांपूर्वी कोणी आणि कशासाठी दिली ते तिला आठवतच नाही, तेव्हापासून तीच चिठ्ठी दाखवून आणतेय.

नाशिकची_पूर्वा | त्याच रविवारी, रात्री

ताई वाचतीये, मोबाईल हातात घ्यायला वेळच नव्हता. बीपी गोळ्यांनी दहा दिवस धरून ठेवलं, मग परत वाढलं म्हणून ३५ व्या आठवड्यात सिझेरियन केलं. मुलगी आहे, १ किलो ९०० ग्रॅम. काचेच्या पेटीत होती, कालपासून माझ्याजवळ आहे. माझे पाय अजून सुजलेलेच आहेत माई, उलट ऑपरेशननंतर जास्त वाटतायत. ते किती दिवस राहतं?

सिस्टर_माई | त्याच रविवारी, रात्री

अगं, डोळ्यात पाणी आलं वाचून. दोघींना खूप आशीर्वाद.

बाळंतपणानंतर पहिला आठवडा पाय आधीपेक्षा जास्त सुजलेले दिसतात, सलाइन गेलेलं असतं, मग लघवी वाढते आणि दोन आठवड्यांत बहुतेक उतरतं. पण तुझं बीपी वाढलेलं होतं, आणि ते बाळंतपणानंतरही वर जाऊ शकतं. गोळी सोडू नकोस आणि घरी गेल्यावरही बीपी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढे दिवस रोज बघ. डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे चमकणं परत आलं तर परत तसंच निघायचं. दोन्ही पाय सारखेच सुजलेत ना ते बघ. एकच जास्त असेल, पोटरी दुखत असेल, तर रात्रीच ड्यूटीवरच्या सिस्टरला उठव, लाजू नकोस, आम्ही त्यासाठीच असतो. पडून राहू नकोस, टाके सांभाळून थोडं थोडं चाल. आजचं बीपी किती आलं?

नाशिकची_पूर्वा | त्याच रविवारी, रात्री

१३४/८६. दोन्ही सारखे आहेत, आत्ता सासूबाईंनी दाबून बघितलं.